सतरा नंबरचं वजन

दिपमालानं चिमट्यातलं क्रुसिबलचं छोटं भांडं प्रयोगशाळेतल्या वजनकाट्यावर ठेवलं, तसा कौतिकनं हात लांब करून भिंतीवरचं पंख्याचं बटण बंद केलं. वारा लागला की शेवटचा आकडा नाचतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सव्वीस वर्षं काट्याशेजारी उभं राहून ते आपोआप कळलं होतं. पंखा रेंगाळत थांबला. काचेच्या पेटीखालचे हिरवे आकडे दोन-तीनदा मागंपुढं झाले आणि स्थिरावले.

पंचवीस पॉइंट सहा नऊ चार.

दिपमालानं आकडा कागदावर उतरवला, मागच्या आकड्यातून वजा केला आणि ओठ आवळले.

“नाना, आखो एकदाव तपाडनं पडी.”

“आखो?” परत तापवायचं म्हटल्यावर कौतिकनं घड्याळाकडं पाहिलं. दीड वाजत आला होता. “बठ्ठास्नं व्हई गयं, पोरी. तूच राहिनी.”

“काय करू? वजन थांबतच नही शे.”

तिनं क्रुसिबल उचललं आणि ती आपल्या टेबलाकडं गेली. कौतिक तिच्या पाठीकडं बघत राहिला. पंखा पुन्हा लावायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. वीस मुलं, एक काटा. प्रयोग म्हटलं तर साधा होता. खायचा सोडा चिनी मातीच्या क्रुसिबलमध्ये घालून बर्नरवर तापवायचा. तापला की तो फुटतो. त्यातली वाफ आणि गॅस उडून जातो, मागं धुण्याचा सोडा उरतो आणि वजन घटतं. पण तो सगळाच्या सगळा फुटला, आत काही राहिलं नाही, हे कशावरून कळायचं? डोळ्यांना काहीच दिसत नाही. आधी पांढरी पूड, नंतरही पांढरीच पूड. म्हणून तापवायचं, थंड करायचं, मोजायचं. परत तापवायचं, परत मोजायचं. लागोपाठ दोनदा एकच वजन आलं, की समजायचं झालं पूर्ण.

पुस्तकात असं होतं. कौतिकच्या डोळ्यांसमोर मात्र सव्वीस वर्षं दुसरंच चाललं होतं. मुलं सोडा घालून मोजत, एकदा तापवून मोजत, आणि तिसऱ्या-चौथ्या वजनाच्या रकान्यात जागेवर बसूनच आकडे भरत. छत्तीस पॉइंट नऊ टक्के घट आली पाहिजे हे सगळ्यांना पाठ होतं. मग उलटा हिशेब करून वजनं बसवायची. काट्यावर एक आकडा, कागदावर दुसरा. कौतिक काट्याशी उभा असायचा, त्याला सगळं दिसायचं. पण तो परिचर. क्रुसिबल धुणं, बाटल्या भरणं, गॅसची नळी तपासणं हे त्याचं काम. कुणाच्या कागदात डोकावणं नव्हे.

आजही एकोणीस जण तसेच उरकून बसले होते. समाधान नावाचा उंच मुलगा तर साडेबारालाच कागद देऊन मोकळा झाला होता आणि खिडकीतून हायवेवर चाललेले कापसाचे टेम्पो मोजत होता.

दोनला पाच कमी असताना दिपमाला परत आली. ती सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गावातून रोज पहाटेच्या एसटीनं शिरपूरला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं कॉलेजला यायची. वर्गात फारसं बोलायची नाही. कौतिकशी मात्र अहिराणीत बोलायची, कारण पहिल्याच दिवशी परीक्षानळी फुटली तेव्हा त्यानं “हात कापायना का?” असं विचारलं होतं, नळीचं विचारलं नव्हतं.

कौतिकनं पंख्याकडं हात नेला, तो आधीच बंद होता. दिपमालानं क्रुसिबल ठेवलं.

पंचवीस पॉइंट सहा आठ नऊ.

“पाचनाच फरक,” ती पुटपुटली. “आधी सत्तेचाळीसना होता.”

कौतिकनं स्वतःच्याही नकळत काट्यावर झुकून आकडा पुन्हा वाचला. सत्तेचाळीसवरून पाच. थांबत आलं होतं. कुस्ती शेवटच्या पकडीला यावी तसं झालं त्याला. बाकीच्या मुलांना बाहेर जायची घाई होती, आतल्या केबिनमध्ये तोंडी परीक्षा चालू होती, आणि या एका पांढऱ्या भांड्यात काय चाललंय हे फक्त दोघांनाच माहीत होतं.

“जाय, तपाड,” तो म्हणाला. “लवकर. आनि थंड व्हवू दे नीट. गरम मोजशी ते चुकशी.”

ती पळतच गेली. कौतिकनं काट्याची पेटी उघडली, आतून मऊ कुंचला फिरवला, पुन्हा बंद केली. शून्य दाखवतोय ना, हे तीनदा पाहिलं. दिपमालाच्या बर्नरची निळी ज्योत त्याला इथून दिसत होती. क्रुसिबलचा तळ लालसर झाला. मग तिनं ते उचलून थंड व्हायला काचेच्या झाकणबंद भांड्यात ठेवलं आणि त्या भांड्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली. पंधरा मिनिटं ती जागची हलली नाही. कौतिकही नाही.

अडीच वाजता क्रुसिबल तापवून चौथ्यांदा काट्यावर आलं. आकडे फिरले. सहा नऊ एक. सहा आठ आठ. सहा आठ नऊ.

सहा आठ नऊ.

दोघंही काही क्षण नुसते बघत राहिले. आकडा हलला नाही.

“थांबनं!” दिपमाला एवढ्या मोठ्यानं ओरडली की खिडकीतला समाधान वळून बघायला लागला. “नाना, थांबनं!”

“थांबनं,” कौतिक म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. सव्वीस वर्षांत हजारेक क्रुसिबल त्यानं धुतली असतील. पण वजन असं येऊन थांबताना तो पहिल्यांदा बघत होता.

दिपमालानं तिथंच उभ्या उभ्या गणित केलं. दोन ग्रॅम सोडा. घट, शून्य पॉइंट सहा दोन सात. तिचं पेन मध्येच थांबलं. तिनं परत केलं. मग तिसऱ्यांदा केलं.

“किती?” कौतिकनं विचारलं.

“एकतीस पॉइंट पस्तीस.”

छत्तीस पॉइंट नऊ हवं होतं. कौतिकलासुद्धा ते पाठ होतं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. काट्यापाशी दुसरं कुणी नव्हतं. कागदावर अजून टक्केवारी लिहिलेली नव्हती. एक रेघ मारून वरचे चार आकडे बदलले असते तर काम भागलं असतं. दिपमालानं पेनाचं टोक कागदावर टेकवलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि मग ३१.३५ असं ठळक लिहून खाली रेघ ओढली.

केबिनमध्ये बाहेरच्या परीक्षक म्हणून जळगावहून आलेल्या नूतन मॅडम बसल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलायची सवय. त्यांच्या शेजारी विभागप्रमुख प्रेमराज सर, समोर दिपमाला. कौतिक पाण्याचा जग घेऊन आत गेला. पाणी कुणी मागितलं नव्हतं.

“रोल नंबर सतरा,” मॅडमनी कागद वाचला. “एकतीस पॉइंट पस्तीस?”

प्रेमराज सरांनी मान वाकडी करून पाहिलं. “हे साफ चुकलंय. सोडा सांडला असेल तिच्याकडून.”

“सांडला असता तर घट जास्त दिसली असती, सर. इथं कमी आहे.”

“मग अर्धवट तापवलं असेल. पोरांना धीर नसतो.”

“अर्धवट नाही सर,” दिपमाला म्हणाली. आवाज बारीक होता, पण सलग. “चार वेळा तापवून मोजलं. शेवटची दोन वजनं एकच आली.”

“एकोणीस जणांचं बरोबर येतं आणि तुझं एकटीचंच येत नाही. मग चूक कोणाची समजायची?”

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

“वजन थांबलं, हे मी कशावरून मानू?”

“तुमच्यासमोर परत तापवते, मॅडम.”

“वेळ संपत आलाय,” सर म्हणाले.

मॅडम खुर्चीवरून उठल्याच. “चल.”

मग जे झालं ते त्या प्रयोगशाळेत कधी झालं नव्हतं. परीक्षक स्वतः बर्नरपाशी येऊन उभ्या राहिल्या म्हटल्यावर सगळी मुलं गोळा झाली. कौतिकनं एकामागून एक उरलेले सहाही पंखे बंद केले. ऑक्टोबरची उकाड्याची दुपार, वीस-बावीस माणसं, पण कुणी कुरकुरलं नाही. दिपमालानं ज्योत मोठी केली. क्रुसिबल लाल झालं. दहा मिनिटं पूर्ण तापवलं, वीस मिनिटं थंड केलं. कुणीतरी कुजबुजलं, “आता अजून उतरणार बघ.” समाधान म्हणाला, “नाही उतरणार.” आणि आपण असं का म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलेलं दिसलं.

काट्याभोवती एवढी गर्दी झाली की कौतिकला दोन्ही हात पसरून ती मागं सारावी लागली. “टेबलाला धक्का लावू नका रे. श्वाससुद्धा तिकडं सोडा.”

आकडे फिरले.

पंचवीस पॉइंट सहा आठ नऊ.

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. मॅडमनी वाकून आकडा पाहिला, सरांनीही पाहिला.

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “मानलं. अभिक्रिया पूर्ण झाली, आत काही राहिलं नाही. मग मला सांग, पाच टक्क्यांहून जास्त गॅस गेला कुठं?”

दिपमाला काट्याकडं बघत होती. तिच्या कपाळावरून घामाची धार भुवईत उतरली, ती तिनं पुसलीही नाही.

“गेला नाही, मॅडम,” ती सावकाश म्हणाली. “तो नव्हताच.”

“म्हणजे?”

“जेवढं फुटायचं होतं तेवढं सगळं फुटलं. तरी कमी भरलं. म्हणजे मुळातच फुटण्यासारखं कमी होतं. बाटलीतला सोडा...” ती अडखळली. “तो सगळा खायचा सोडा नसेल.”

“बाटली कालच भरलीय,” प्रेमराज सर चटकन म्हणाले. “कंपनीचा माल आहे. बाटलीला काही झालेलं नाही.”

कौतिकच्या हातात कुंचला होता. काट्याची पेटी स्वच्छ होती, तरी तो तिच्या काचेवरून कुंचला फिरवत राहिला. एकदा, दोनदा. आठ दिवसांपूर्वी परतीचा पाऊस झाला तेव्हा भांडारघराची खिडकी उघडी राहिली होती. सोड्याच्या डब्याचं झाकण चिरलेलं होतं. काल बाटली भरायला डबा उघडला तर आत ओले खडे. परीक्षेला मुलांच्या हातात खडे कसे द्यायचे, म्हणून त्यानं सोडा ट्रेमध्ये पसरला, ओव्हनमध्ये ठेवला, नंतर खलात घोटून पिठीसारखा मऊ केला आणि बाटलीवर नवी चिठ्ठी चिकटवली. काम कसं देखणं झालं होतं! त्यानं ते कौतुकानं दोन मिनिटं बघितलंही होतं. तेव्हा त्याच्या मनात एवढंच होतं की ओलावा गेला. दुसरं काही जाऊ शकतं, हे आत्ता, या पोरीच्या बोलण्यावरून त्याला कळत होतं.

प्रयोगशाळा सहायक म्हणून त्याच्या बढतीची शिफारस सरांच्या टेबलावर सहीसाठी पडली होती. परवाच सर म्हणाले होते, सोमवारी करतो.

“मॅडम,” तो म्हणाला.

“कौतिकभाऊ, तुम्ही मध्ये बोलू नका,” सर म्हणाले.

“बाटली मी भरली, मॅडम. सोडा ओला झाला होता. मी ओव्हनमध्ये सुकवला.”

कुणीतरी पुढं होऊन फरफरणारा बर्नर बंद केला.

“किती डिग्रीला?” मॅडमनी विचारलं.

“एकशे दहा. दुसरे क्षार सुकवतो तसाच.”

“किती वेळ?”

“पाऊण तास. ट्रे जाड भरला होता.” त्यानं कुंचला खाली ठेवला. “पोरीचं काही चुकलं नाही. माझ्या हातून झालं. लिहून द्यायचं असेल तर देतो.”

मॅडमनी विचारलं, “न उघडलेलं पाकीट आहे का दुसरं?”

होतं. कौतिकनं धावत जाऊन आणलं. मॅडमनी दोन परीक्षानळ्या मागवल्या. दोन्हींत थंड पाणी. एकीत नव्या पाकिटातली चिमूटभर पूड, दुसरीत बाटलीतली. “खायच्या सोड्यात फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शक द्रावणाचा थेंब टाकला तर फारसा रंग येत नाही,” त्या मुलांना म्हणाल्या. “धुण्याच्या सोड्यात येतो.” आणि त्यांनी ड्रॉपर दिपमालाच्या हातात दिला.

पहिल्या नळीत थेंब पडला. पाणी पाण्यासारखंच राहिलं, नीट निरखलं तर किंचित गुलाबी झाक. दिपमालानं दुसऱ्या नळीवर ड्रॉपर धरला. थेंब पडला आणि वरपासून खालपर्यंत डाळिंबाच्या रसासारखा लालगुलाबी रंग उतरत गेला.

“आईशप्पथ!” समाधान ओरडला.

मग एकच गलका झाला. मागची मुलं टेबलांवर चढली. दिपमाला नळी डोळ्यांसमोर धरून हसत होती, रडत होती, आणि त्यातच कागदावर भराभर काहीतरी मांडत होती. “मॅडम, शंभरातले पंधरा भाग! पंधरा भाग आधीच फुटलेले होते!”

नूतन मॅडमही हसायला लागल्या. “अहो भाऊ, परीक्षा सुरू व्हायच्या आधीच तुम्ही पंधरा टक्के प्रयोग उरकून ठेवलात की.”

कौतिकला हसावं की काय करावं ते कळेना. पण दिपमाला त्याच्याकडं वळली होती. “नाना, एकशे दहा आनि पाऊण तास, बरोबर ना? ते मी निरीक्षणात लिखस.” आणि तिनं ते लिहिलंसुद्धा, त्याच्या नावासकट: श्री. कौतिक यांनी दिलेल्या माहितीनुसार. आपलं नाव परीक्षेच्या कागदावर त्यानं आजवर कधी पाहिलं नव्हतं. वाकून त्यानं ते दोनदा वाचलं.

गलका ओसरायला लागला तेव्हा मॅडम केबिनमधून बाकीचे कागद घेऊन आल्या. टेबलावर त्यांनी ते पत्त्यांसारखे मांडले. छत्तीस पॉइंट आठ. छत्तीस पॉइंट नऊ. छत्तीस पॉइंट नऊ. सदतीस. एकोणीस कागद.

“याच बाटलीतला सोडा होता ना सगळ्यांचा?” त्यांनी शांतपणे विचारलं.

टेबलावर चढलेली मुलं एकेक करून खाली उतरली. समाधान आपल्या बुटांकडं बघत होता. प्रेमराज सर कागदांकडं बघत होते. प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तपासल्याची त्यांची सही होती.

मॅडमनी कागद गोळा केले, नीट जुळवले आणि सरांपुढं ठेवले.

“कौतिकभाऊ, एकोणीस क्रुसिबल काढा. बाटली हीच राहू दे.”

“मॅडम, सहा वाजतील,” सर हळू म्हणाले.

“वाजू देत. माझी गाडी सातची आहे.”

कौतिक भांडारघरात गेला. बाहेर मुलं बर्नर पेटवत होती. एकेक ज्योत भप्प करून लागत होती. कुणी विचारत होतं, “परत तापवायचं म्हणजे किती वेळा?” आणि दिपमालाचा आवाज येत होता, “थांबेपर्यंत.” त्यानं ट्रे खाली ठेवला आणि फळीवरची क्रुसिबल मोजत लावायला सुरुवात केली. त्याचे हात भराभर चालत होते. सोळा, सतरा, अठरा.

दारात सावली पडली. प्रेमराज सर होते. आता शिफारशीचं काढणार, असं कौतिकला वाटलं. त्यानं पाठ सरळ केली.

सर फळीकडं बघत होते.

“वीस काढा, कौतिकभाऊ.”

“एकोणीसच लागतील, सर. सतरा नंबरचं झालं ना.”

सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि शर्टाची बाही दुमडायला घेतली. एक घडी, मग दुसरी.

“वीस,” ते म्हणाले.

कौतिकनं वरच्या फळीवरून आणखी एक क्रुसिबल उतरवलं, फडक्यानं आतून-बाहेरून पुसलं आणि ट्रेमध्ये एकोणिसांच्या रांगेत ठेवलं.